सही बापाची, रायफल पोराची

[दृश्य: पहाट. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी. धावणारी मुलं, मागून मोटारसायकलचा दिवा.]

पहाटेचे पावणेपाच. वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. रात्रीचा पाऊस थांबलाय, खड्ड्यांत पाणी साचलंय, कपाशी गुडघ्याला लागलीय. मोटारसायकलच्या उजेडात पोरं धावताहेत. गाडीवर फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आहेत, गळ्यात स्टॉपवॉच. तोंडावर सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, आपसांत बोलताना ‘हवालदार काका’.

सोळाशे मीटर. अग्निवीर म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत घेतलेला जवान. त्या भरतीच्या मैदानात हे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापणारा पहिल्या गटात जातो. पंधरा सेकंद जास्त लागले की गट खाली घसरतो, गुण कमी होतात. पुढे बीम. गावात बीम कुठून येणार? दोन कडुलिंबांच्या मधे बोअरचा जुना पाइप बांधलाय. दहा वेळा हनुवटी पाइपच्या वर गेली पाहिजे, तेव्हा पूर्ण गुण मिळतात. मग नऊ फुटांचा खड्डा. तो या पोरांनी स्वतःच खणलाय, धुऱ्याच्या कडेला.

[दृश्य: पाइपला लटकलेले हात. तळहातावरचे घट्टे, जवळून.]

हे हात नीट बघा. नववी खेप चाललीय. दहावीला खांदे थरथरताहेत, पण हनुवटी वर गेली. पिवळ्या बनियनमधला हा मुलगा ऑनलाइन परीक्षा पास झालाय, आता मैदानाची तारीख यायची आहे. उंची १६८ सेंटिमीटरची अट आहे, तो १७० आहे. छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढते. वय साडेसतरा वर्षं आणि काही दिवस. फौजेला तो चालतो.

बाबाची स्प्लेंडर चालवायचं लायसन्स मात्र त्याला अजून मिळत नाही. त्यासाठी १८ पूर्ण व्हावे लागतात.

[दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. टेबलावर कागदांची चळत.]

मैदानाआधी कागद. दहावीची गुणपत्रिका, डोमिसाइल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, फोटो. यातला एक कागद शहरातल्या लोकांनी क्वचितच पाहिला असेल, म्हणून कॅमेरा तिथे थांबवलाय. अविवाहित असल्याचा दाखला. तो सरपंचांकडून घ्यावा लागतो, फोटोसकट, आणि सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो.

[दृश्य: सरपंचताई शिक्का मारतात. गोल शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर.]

सरपंचताई आधी नाव वाचतात, मग पोराकडे बघतात. ह्या पोराला त्यांनी अंगणवाडीत सोडताना पाहिलंय. तरी नियमाप्रमाणे विचारतात, लग्न झालं का? तो खाली बघून मान हलवतो. ताई शिक्का शाईवर दाबतात, एकदा रद्दी कागदावर मारून बघतात, मग फोटोच्या कडेवर नीट बसवतात. अर्धा शिक्का मुलाच्या खांद्यावर उमटतो, अर्धा कागदावर. फोटो बदलता येऊ नये म्हणून ही पद्धत.

सरपंच (बाइट): “लगन नाही झालं, हे मी लिहून देते जी. पण कधी करायचं हे पोरानं ठरवावं का आपन?”

हा प्रश्न ताईंनी सहज विचारला. ही सगळी फिल्म त्याच प्रश्नावर उभी आहे.

[दृश्य: घराची ओसरी. वडील सही करताना. बाजूला फवारणीचा पंप.]

आता दुसरा कागद. भरती होणारा १८ च्या आतला असेल तर फॉर्मवर आईवडिलांची किंवा पालकाची सही लागते. वडील नुकतेच शेतातून आलेत, हाताला अजून औषधाचा वास आहे. पंप बाजूला ठेवतात, हात धुतात, धोतराला पुसतात. पेन दोनदा झटकतात. सही करायला त्यांना वेळ लागतो. आडनावातल्या जोडाक्षराशी पेन अडतं, पुन्हा मागे जातं. मुलगा शेजारी उभा आहे. या कागदावर त्याच्या एकट्याच्या सहीला किंमत नाही.

वडील (बाइट): “पयते थो, जी. म्या फक्त सही केली.”

कायद्याने हे बरोबरच आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्यापासून आपल्याकडे मोठं होण्याचं वय १८ आहे. त्याआधी केलेला करार करार ठरत नाही. हा मुलगा वीस हजारांचा मोबाइल हप्त्यावर घेऊ शकत नाही. पण चार वर्षांची फौज तो घेऊ शकतो, बापाची सही असली की झालं.

इथे एक गोष्ट सरकारच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. युद्धात मुलांना उतरवू नये, यासाठी संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे. भारताने तो २००५ मध्ये मान्य केला आणि तेव्हाच लेखी कळवलं, की जवान १८ वर्षांचा झाल्याशिवाय त्याला लढाईच्या भागात पाठवलं जात नाही. प्रशिक्षण साधारण सहा महिन्यांचं असतं. म्हणजे साडेसतराला गेलेला पोरगा सीमेवर पोचेपर्यंत अठराचा झालेला असतो. पण मग सरकारलाच ठाऊक आहे ना, की १८ ही रेघ खरी आहे? तर सहा महिने थांबा. अठरा पूर्ण झाल्यावर घ्या, आणि घेतल्यावर पुढे कुठल्याही बाबतीत त्याला लहान म्हणू नका.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, शाळेचा फोटो, ओसरीवर बसलेली मुलं.]

कारण अठरानंतरही तो पूर्ण मोठा होत नाही. मतदान १८ ला. लग्न, मुलगा असेल तर २१ ला. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर २१. विधानसभा आणि लोकसभा, २५. महाराष्ट्रात कडक दारूच्या परवान्याचं वयही २५ आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती हवीच, म्हणून त्या वयाबद्दल या फिल्ममध्ये आम्हाला काही मागायचं नाही. उलटीकडे, गंभीर गुन्हा केला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा वर्षांच्या पोरावरही मोठ्या माणसासारखा खटला चालवता येतो. शिक्षेचं वय खाली सरकू शकतं. हक्काचं वय वरच राहतं.

आणि परमवीरचक्र? ४ जुलै १९९९. टायगर हिल. ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव. गोळ्या लागलेल्या असताना कडा चढून गेले आणि देशाचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार मिळवला. वय १९. त्या वयाचा नागरिक आपल्या गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अर्ज भरू शकत नाही.

[दृश्य: पत्र्याची पेटी. म्हातारे हात एकेक पदक बाहेर काढतात.]

हा आवाज पेटीच्या कडीचा आहे. गावातले हे आजोबा महार रेजिमेंटचे. मध्य प्रदेशातल्या सागरला प्रशिक्षण झालं, १९७१ ला पश्चिम सीमेवर होते. तेव्हा त्यांचं वय एकोणीस. पदकं मलमलीच्या फडक्यात बांधलेली आहेत. हे संग्राम मेडल. हा पश्चिमी स्टार, याची फीत जरा विटलीय. आजोबा प्रत्येक पदक अंगठ्याने पुसतात, मगच कॅमेऱ्यासमोर धरतात. घाई करू देत नाहीत. आम्हीही केली नाही.

१९७१ च्या मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. डिसेंबरात युद्ध झालं. निवडणुकीत मत द्यायला २१ वर्षं पूर्ण लागत होती, युद्धाला लागत नव्हती. बासष्टला, पासष्टला, एकाहत्तरला विशीच्या आतले जे जवान लढले, त्यांना लढाईला पाठवणारं सरकार निवडण्याचा अधिकार नव्हता. जे परत आले नाहीत, त्यांनी आयुष्यात एकदाही मत दिलं नाही.

आजोबा (बाइट): “माहं नावच नव्हतं यादीत. एकवीस लागत होते तवा. पयलं मत टाकलं सत्त्याहत्तरात, युनिटातून, पोस्टानं.”

त्याच १९७१ मध्ये अमेरिकेने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. व्हिएतनामच्या युद्धात अठरा वर्षांच्या पोरांना सक्तीने नेत होते, आणि त्यांच्या आईबापांनी, त्यांच्या मित्रांनी विचारलं, की मरायला चालतो तो मत द्यायला का चालत नाही? तिथली राज्यघटना बदलली. आपल्याकडे ६१ वी घटनादुरुस्ती १९८८ च्या डिसेंबरात संसदेने मंजूर केली आणि १९८९ च्या मार्चपासून १८ वर्षांचा प्रत्येक नागरिक मतदार झाला. आजोबा तेव्हा सदतीस वर्षांचे होते. धाकट्या भावाच्या मुलाचं नाव यादीत घालायला ते स्वतः तहसीलला गेले होते.

आज जवानाच्या मताची सोय आहे. सर्व्हिस व्होटर म्हणून नाव लागतं, मतपत्रिका ऑनलाइन येते, छापून, खूण करून, पाकिटात घालून टपालाने पाठवायची. २०१९ च्या लोकसभेला असे सुमारे १८ लाख मतदार नोंदले होते. मतमोजणीच्या सकाळी आठच्या आत पाकीट पोचलं तरच मत धरलं जातं. एवढी एक पायरी तरी आपण चढलो.

[दृश्य: खोलीचा कोपरा. काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर झाकलेला. ट्रंकेवर घडी केलेली वर्दी.]

ही ट्रंक शेजारच्या गावातल्या अग्निवीराची. तो सुटीवर आलाय. वय बावीस. खोलीत तो आहे, पण तुम्हाला दिसणार नाही. आम्ही विचारलं नाही असं नाही. त्याने हात जोडले. लष्कर कायदा आणि त्याखालचे नियम जवानाला परवानगीशिवाय माध्यमांशी बोलू देत नाहीत, संघटना करू देत नाहीत, राजकीय सभेत जाऊ देत नाहीत. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला तसा अधिकार दिलाय. लष्कराच्या शिस्तीसाठी यातलं पुष्कळसं हवंच. कुठे किती माणसं, कुठली बंदूक, हे कुणी कॅमेऱ्यासमोर सांगू नये. पण माझं लग्न, माझा पगार, माझ्या आईला माझ्यामागे काय मिळेल, हे तरी त्याला उघड बोलता यायला हवं. इथे त्याच्याऐवजी त्याची माय बोलते.

आई (बाइट): “पोरगी पाहून ठेवली होती. थे लोक थांबले दोन वर्स. मंग दिली दुसरीकडं. बोलाची सोय नाही.”

थोडं समजून घेऊ. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस. नोकरी चार वर्षं. भरती होताना अविवाहित पाहिजे, आणि चारही वर्षं अविवाहित राहायचं, असं लिहून द्यावं लागतं. लग्न केलं तर नोकरी जाते. या बावीस वर्षांच्या पोराला देशाचा विवाह कायदा लग्न करू देतो. त्याच्या वर्गातला मित्र, पुलगावला वेल्डिंग करणारा, बाप झालाय. त्या मित्रापेक्षा याच्यावर जबाबदारी कमी आहे का? पहिल्या वर्षी महिना ३०,००० पगार, त्यातले ९,००० सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशात, कापले जातात, २१,००० हातात येतात. चौथ्या वर्षी पगार ४०,०००. घरातलं खत, बियाणं, बहिणीची बी.एस्सी.ची फी त्याच्याच पैशातून जाते. घर तो चालवतो. घर मांडायला मात्र मनाई.

लष्कराचीही बाजू आहे. चार वर्षं थोडी असतात, जवानाने हलकं, मोकळं असावं, बराकीत राहावं, कुठेही पाठवता यावं. प्रशिक्षणाच्या काळापुरतं हे कुणीही मान्य करील. आजोबांच्या वेळीही रंगरूटला सुटी मिळत नव्हती. पण आजोबांचं लग्न नोकरीच्या तिसऱ्या वर्षी झालं. युनिटने पंधरा दिवस सुटी दिली. आणि ते लढायला कुठे कमी पडले नाहीत.

[दृश्य: शाळेचं मैदान. वाळूच्या खड्ड्यात लांब उडी मारणारी मुलगी.]

ही दहा फुटांची उडी. मिलिटरी पोलिसात मुलींची भरती सुरू झाल्यापासून पहाटेच्या या मैदानावर ओढणी कमरेला बांधलेल्या मुली दिसू लागल्या. सोळाशे मीटरला त्यांना साडेसात मिनिटं. हिने वाळू स्वतः चाळून टाकलीय, काच आणि काटे निघावेत म्हणून. उडी मारून उठते, टाचेची खूण बोटाने मोजते, पुन्हा मागे जाते. वीस पावलं मोजते. पुन्हा धावते.

[दृश्य: तीच उडी, संथ गतीने. वाळू उडते.]

कायद्याने मुलीचं लग्नाचं वय १८. हिच्या मैत्रिणींपैकी बहुतेकींची लग्नं उरकलीत. आमच्या भागात ‘उरकणे’ हेच होतं, मुलीला कुणी विचारत नाही. त्यामुळे लग्न लवकर व्हावं अशी आमची मागणी अजिबात नाही, आणि बालविवाह थांबवणाऱ्या कायद्याचा एक शब्दही सैल होऊ नये. १८ वर्षांच्या या मुलीवर घरचे लग्नाची घाई करतात, आणि भरती झाली तर फौज चार वर्षं मनाई करील. दोन्हीकडे ठरवणारे दुसरेच. तिने ठरवावं, एवढंच.

हवालदार काकांनी आम्हाला मैदानावर एक प्रश्न टाकला. वर्दी घातली म्हणूनच पूर्ण हक्क द्यायचे का? तुरीच्या शेतात राबणारा अठरा वर्षांचा मजूर काय कमी माणूस आहे? त्यांचं म्हणणं खरं आहे. अठरा म्हणजे सगळ्यांनाच अठरा असायला पाहिजेत. कायदा आयोगानेही २०१८ च्या चर्चापत्रात लग्नाचं वय मुलगा-मुलगी दोघांना १८ ठेवावं असं सुचवलं होतं. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विधानसभा-लोकसभेला उभं राहण्याचं वय १८ करावं अशी शिफारस केली. जवानाचा मुद्दा पुढे येतो तो यासाठी, की त्याच्या बाबतीत सरकारने स्वतःच उत्तर देऊन ठेवलंय. कसम परेडला ध्वजासमोर उभं करून, प्राण द्यायची शपथ त्याच्याच तोंडून घेतलीय. त्या शपथेवर बापाची सही लागत नाही.

[दृश्य: रस्त्याने परतणारी मुलं, बसस्टँडची पाटी, तहसील कार्यालय.]

चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना फौज ठेवून घेते, बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख घेऊन गावी येतात, पेन्शन नाही. २०२२ च्या अखेरीस रुजू झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच विदर्भातला, बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनला ड्युटीवर असताना मरण पावला. विम्याचे ४८ लाख आणि इतर मदतीची तरतूद आहे, आईवडिलांना पेन्शनची नाही. लग्नाला मनाई होती, म्हणून अशा घरात मागे पत्नी नसते, मूल नसते.

[दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, संध्याकाळ. ग्रामसेवक लिहिताहेत. भोवती उभे असलेले लोक.]

आता हा शेवटचा कागद. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा लिहिला जातोय. ग्रामसेवक एक वाक्य लिहितात आणि मोठ्याने वाचतात. आजोबा खुर्चीत आहेत. हवालदार काका दारात. पिवळ्या बनियनमधला मुलगा आज शर्ट घालून आलाय. त्याच्या वडिलांना मागे उभं राहायचं होतं, सरपंचताईंनी पुढे बोलावून बाकावर बसवलं.

मसुद्यात लिहिलंय, की १८ पूर्ण झाल्याशिवाय कुणाला फौजेत घेऊ नये. शपथ घेतलेल्या जवानाला त्या दिवसापासून कुठल्याही कायद्यात अल्पवयीन किंवा अर्धा सज्ञान धरू नये. अविवाहित राहण्याची अट प्रशिक्षण संपेपर्यंतच असावी. नोकरीच्या अटींबद्दल, पगाराबद्दल, कुटुंबाच्या हक्काबद्दल जवानाला उघड बोलता यावं. ग्रामपंचायतीला उभं राहण्याचं वय सगळ्यांसाठी १८ व्हावं. या शेवटच्या मुद्द्यावर वाद झाला. दोन ज्येष्ठ सदस्य म्हणाले, अठराच्या पोट्ट्यांना गावचा कारभार काय कळतो? आजोबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी ग्रामसेवकांना फक्त पुढे लिहा म्हणून सांगितलं.

[दृश्य: मसुद्याचा कागद, जवळून. पेनाची हालचाल.]

ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पुढे जाईल, एक प्रत खासदारांना. ग्रामपंचायतीचं वय घटनेत आहे, ते बदलायला घटनादुरुस्ती लागेल. लग्नाचं वय संसदेच्या कायद्यात आहे. चार वर्षं अविवाहित राहण्याची अट मात्र भरतीच्या अटींमधली आहे. तिला ना घटनादुरुस्ती लागते, ना नवा कायदा. संरक्षण मंत्रालय ती स्वतः काढू शकतं. म्हणून ग्रामसेवकांनी मसुद्याच्या शेवटी, सरपंचताईंच्या सांगण्यावरून, वेगळी ओळ टाकलीय: अग्निवीर भरतीच्या पुढच्या जाहिरातीत ही अट नसावी.